औषधांच्या दुकानांतील हाताखालचा माणूस

घराघरांतील वडील मंडळी अजूनहि कंपौंडरची आठवण काढतात. डॉक्टर आंतल्या खोलींत नाडी पाहून चिठोऱ्यावर चार अक्षरें खरडीत, आणि बाहेर लहानशा खिडकीमागें उभा असलेला कंपौंडर त्या अक्षरांचें लाल किंवा पिवळें मिश्रण करून घरून नेलेल्या बाटलींत ओती. मात्रा कळावी म्हणून कातरलेल्या कागदाची पट्टी खळीनें बाटलीच्या अंगास चिकटवी. तो काय शिकला आहे हें कोणी विचारीत नसे. विश्वास डॉक्टरांवर असे, आणि त्या विश्वासाच्या सावलींत कंपौंडरचेंहि निभावून जाई.

पुढें १९४८ सालच्या फार्मसी कायद्यानें, डॉक्टर आपल्याच रोग्यास औषध देतो तो अपवाद सोडून, चिठ्ठीवरचें औषध देण्याचें काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टकडे सोंपविण्याचें तत्त्व घालून दिलें. दुकानाच्या भिंतीवर त्याचें प्रमाणपत्र चौकटींत टांगलेलें असतें. फळीवरून गोळ्या काढून देणारा हात मात्र पुष्कळदां दुसऱ्याचाच असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या दुसऱ्या माणसाचा वेगळा वर्ग आपल्या कायद्यानें केलेला नाहीं.

अमेरिकेनें तो केला आहे. तेथें या माणसास फार्मसी टेक्निशियन म्हणतात, आणि २०२३ सालीं अशा टेक्निशियनांची संख्या साडेचार लाखांहून अधिक होती. ज्यांचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत, त्यांपैकीं पुष्कळांनीं तेथील औषधालयाचा कट्टा पाहिला असेल. समोर येऊन जन्मतारीख विचारणारी आणि नारिंगी रंगाची लहान बाटली पिशवींत घालून देणारी व्यक्ति बहुधा टेक्निशियन असते. फार्मासिस्ट मागें, थोड्या उंचावर, संगणकापाशीं उभा असतो. चिठ्ठी उतरून घेणें, विमा कंपनीशीं हुज्जत घालणें, खांचेच्या तबकावर गोळ्या ओतून पात्यानें पांच-पांच ओढून मोजणें, चिठी डकविणें, हीं सारीं कामें टेक्निशियनचीं. दोन औषधांचें एकमेकांशीं वांकडें तर नाहीं, मात्रा रोग्याच्या वयास झेपेल कीं नाहीं, भरलेली बाटली बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहणें फार्मासिस्टचें. शिवाय, रोग्यास औषधाविषयीं समजावून सांगण्याची तयारी दाखविली पाहिजे, असें १९९० सालच्या एका केंद्रीय कायद्यानें मेडिकेडच्या रोग्यांपुरतें ठरविलें, आणि बहुतेक राज्यांनीं तें पुढें सर्वांनाच लागू केलें.

घोडें अडतें तें येथेंच. बाटल्यांमागून बाटल्या डोळ्यांखालून घालण्यांत ज्याचा दिवस जातो, त्यानें रोग्याशीं बोलावें केव्हां? म्हणून गेलीं कित्येक वर्षें असा विचार बळावत आहे कीं, ज्या कामास मुख्यतः सावधपणा लागतो, तें शिकविलेल्या टेक्निशियनकडे द्यावें, आणि ज्यास निर्णयबुद्धि लागते तेवढेंच फार्मासिस्टनें राखावें. कॅलिफोर्नियांतील कांहीं रुग्णालयांत हा प्रयोग कसोशीनें करून पाहण्यांत आला. एका टेक्निशियननें भरलेली औषधांची पेटी दुसऱ्या, खास शिकविलेल्या टेक्निशियननें तपासावयाची. चुका मोजतां असें आढळलें कीं, या कामांत टेक्निशियन फार्मासिस्टांहून मुळींच कमी ठरले नाहींत. यांत नवल तें काय? स्वयंपाकघरांत डाळ निवडणाऱ्या आजीची नजर घरांतल्या पदवीधरांहून तीक्ष्ण असते. तिचें सारें लक्ष त्या ताटांत असतें. २००७ सालापासून कॅलिफोर्नियानें आपल्या रुग्णालयांस या रीतीची मोकळीक दिली.

त्यानंतरचें पाऊल अधिक धीट होतें. २०१७ सालीं आयडाहो या डोंगराळ राज्यानें टेक्निशियनच्या हातीं लस टोंचण्याची सुई दिली. अमेरिकेंत असें करणारें तें पहिलेंच राज्य. लस द्यावी कीं नाहीं हें फार्मासिस्टनें ठरवावयाचें, टोंचावयाचें टेक्निशियननें. पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पण २०२० च्या महामारींत लस टोंचणाऱ्या हातांची गरज दिसूं लागली, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनेंच पात्र टेक्निशियनांस देशभर ही परवानगी दिली. प्रत्यक्ष टोंचण्याचें शिक्षण झालेलें असावें, थांबलेलें हृदय पुन्हा चालू करण्याच्या प्रथमोपचाराचा दाखला असावा आणि देखरेख करणारा फार्मासिस्ट हांकेच्या अंतरावर असावा, अशा अटी तिला होत्या. इंग्लंडनें थोडी निराळी वाट धरली. ग्रेट ब्रिटनमध्यें २०११ पासून टेक्निशियनांस नोंदणी सक्तीची झाली. आणि २६ जून २०२४ पासून, ठराविक प्रकारच्या रोग्यांकरितां आगाऊ लिहून ठेवलेल्या आज्ञेनुसार औषध किंवा लस स्वतः देण्याची मुभा त्यांस मिळाली. आधीं नोंदणी, मग अधिकार, हा क्रम आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. डेन्मार्कमध्यें तर या हाताखालच्या माणसाचें शिक्षणच तीन वर्षांचें आहे, आणि तेथें तो कट्ट्यावर रोग्यास सल्लाहि देतो.

क्रमाविषयीं आम्ही एवढें बोलतों, त्यास कारण आहे. २००६ सालीं ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड येथें एका रुग्णालयांत दोन वर्षांची एक मुलगी कर्करोगावरील औषधाची अखेरची फेरी घेत होती. औषध ज्या मिठाच्या पाण्यांतून द्यावयाचें, तें शंभर भागांस ०.९ भाग मिठाचें असावें लागतें. टेक्निशियननें तें २३.४ भागांच्या द्रावणानें बनविलें, म्हणजे सव्वीसपट तीव्र. त्या दिवशीं सकाळीं संगणक बंद पडला होता, काम तुंबलें होतें, माणसें कमी होतीं, आणि औषध लौकर हवें म्हणून वरून निरोप आला होता. वास्तविक त्याची गरज आणखी कांहीं तासांनीं लागणार होती. फार्मासिस्टनें पिशवी पाहिली आणि सही केली. मुलगी गेली. फार्मासिस्टचा परवाना रद्द झाला, आणि २००९ सालीं न्यायालयानें त्यास सहा महिन्यांचा तुरुंगवास दिला. टेक्निशियनवर खटला झाला नाहीं. त्या वेळीं ओहायोंत टेक्निशियन होण्यास परीक्षेची किंवा नोंदणीची अटच नव्हती. मुलीच्या वडिलांनीं खटपट केली, आणि २००९ च्या जानेवारींत तिच्या नांवानें कायदा झाला. तेव्हांपासून तेथें परीक्षा आणि पूर्ववृत्ताची तपासणी आवश्यक ठरली.

या प्रकरणाचा दाखला देऊन कोणी म्हणतात कीं, टेक्निशियनास अधिक काम देणें म्हणजे अशा प्रसंगांस आमंत्रण. आम्हांस तें पटत नाहीं. ती पिशवी बनविण्याचें काम त्या दिवशींहि टेक्निशियनकडेच होतें. नव्हतें तें शिक्षण, आणि तपासणाऱ्यास उसंत. देखरेख हा शब्द कागदावर लिहिण्यास सोपा आहे. एका फार्मासिस्टच्या हाताखालीं किती टेक्निशियन असावेत याची मर्यादा कांहीं राज्यांनीं घातली आहे, कांहींनीं मुळींच घातलेली नाहीं. जेथें मर्यादा नाहीं, तेथें मालकास पहिला मोह कोणता होणार हें उघड आहे. टेक्निशियन वाढले, तेव्हां फार्मासिस्ट एकानें कमी करूं! मग वांचलेला वेळ रोग्याच्या वांट्यास न येतां मालकाच्या जमेस जातो, आणि देखरेख उरते ती सहीपुरती.

वेतनाची गोष्टहि येथेंच सांगितली पाहिजे. मे २०२३ च्या सरकारी आंकड्यांप्रमाणें अमेरिकन फार्मासिस्टचें मध्यम वार्षिक वेतन १,३६,०३० डॉलर होतें, टेक्निशियनचें ४०,३००. सुई हातीं दिली, तपासणी सोंपविली, चुकीचा ठपका ठेवण्यापुरतें नांवहि नोंदविलें, आणि पगार मात्र गोळ्या मोजणाऱ्याचाच राहिला, तर शिकलेला माणूस तेथें किती दिवस टिकेल? तो जातो, आणि कट्ट्यामागें पुन्हा नवशिका उभा राहतो.

तिकडच्या औषधालयांत पैसे चुकते करतांना टेक्निशियन एक प्रश्न विचारते, "फार्मासिस्टना कांहीं विचारायचं आहे का?" १९९० च्या कायद्याचें उरलेलें रूप हेंच. मागें रांग लागलेली असते, फार्मासिस्ट दूरध्वनी कानाशीं धरून उभा असतो. बहुतेक लोक नाहीं म्हणतात आणि पिशवी उचलून निघून जातात.