बॅटरी चार्जिंगची घ्यावी की सेलची?

कर्जत तालुक्यातल्या कळंब परिसरात बॅटरी ही चैनीची वस्तू नाही. भाताच्या खाचरावर रानडुकरं उतरू नयेत म्हणून रात्री राखणीला जाणारा शेतकरी, बांधावरच्या गवतातली घोणस किंवा मण्यार दिसावी म्हणून पायापुढे उजेड धरणारी बाई, पेठच्या किल्ल्यावरच्या गुहेत किंवा खांडसहून भीमाशंकरच्या वाटेवर अंधार पडलेले ट्रेकर, या सगळ्यांचा भरवसा हातातल्या किंवा कपाळावरच्या त्या लहानशा दिव्यावर असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्यांना भर पावसात, काळोखात पायवाटेनं डोंगर चढावा लागला. अशा वेळी बॅटरी लागली नाही तर दुसरा उपाय उरत नाही. म्हणून ती विकत घेताना ऐकीव गोष्टींवर विसंबून चालत नाही.

सर्वांत पक्का समज असा की चार्जिंगची बॅटरी म्हणजे आधुनिक आणि सेलची म्हणजे जुनाट. खरं तर निवड ठरते ती दिवा किती वापरला जातो आणि किती काळ नुसता पडून राहतो, यावरून. पोलिसांच्या पिस्तुलाला नळीखाली जोडतात त्या छोट्या दिव्यांचं उदाहरण घ्या. शुअरफायर या अमेरिकी कंपनीचा ‘एक्स-३००’ हा दिवा सीआर१२३ए जातीच्या दोन लिथियम सेलांवर चालतो, आणि हे सेल एकदाच वापरायचे असतात. इतक्या महागड्या दिव्याला असे सेल का? कारण तो महिनोन्‌महिने बंद असतो आणि लागतो तो काही मिनिटं, पण त्या मिनिटांत लागलाच पाहिजे. हे सेल साधारण दहा वर्षं पडून राहिले तरी कामाचे राहतात. उलट जो पोलीस रोज रात्री गस्तीवर तासन्‌तास दिवा वापरतो, त्याला दर आठवड्याला नवे सेल घेणं परवडत नाही. त्याला चार्जिंगचाच दिवा सोयीचा.

हाच हिशेब कळंबला लावा. रोज राखणीला जाणाऱ्यानं चार्जिंगची घ्यावी. दरड, पूर, आजारपण यांसाठी खुंटीला टांगून ठेवायची बॅटरी सेलची असावी. पावसाळ्यात वारा-पावसानं तारा तुटून वीज रात्रभर गेली, तर उतरलेली चार्जिंगची बॅटरी तिथंच संपते. सेल मात्र गावातल्या किराणा दुकानातही मिळतात.

“वारंवार चार्जिंगला लावली की बॅटरी खराब होते” आणि “पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये” ही दोन वाक्यं घरोघरी ऐकू येतात. दोन्हींचं मूळ जुन्या निकेल-कॅडमियम सेलांत आहे. १९९१ मध्ये सोनीनं बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलांना हे नियम लागू नाहीत. अर्ध्यावर आले तरी ते चार्ज करावेत. पूर्ण उतरवत राहिल्यानं त्यांचं आयुष्य उलट घटतं. बरेच दिवस ठेवून द्यायचे असतील तर निम्मे भरून, थंड जागी ठेवावेत. मेमधल्या उन्हात उभ्या गाडीत ते ठेवणं वाईट.

पण आपल्याकडे घरात असते ती चार्जिंगची बॅटरी लिथियमचीच असेल असं नाही. मागून दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीच्या प्लगात खोचायची, हातात जड लागणारी ती स्वस्त बॅटरी अनेकदा शिसं-आम्लाची, म्हणजे मोटारसायकलच्या बॅटरीच्या कुळातली असते. तिचा नियम बरोबर उलटा. ती कायम भरलेली ठेवावी लागते. उतरलेल्या अवस्थेत दिवाळीपासून जूनपर्यंत कपाटात राहिली, तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि पहिल्या पावसात ती चार्जच घेत नाही. लोक म्हणतात, माल खराब निघाला. माल दर वेळी खराब नसतो. अशा बॅटरीला महिन्यातून एकदा चार्ज करावं लागतं, हे विकताना कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय स्वस्त मालात चार्जिंग आपोआप थांबवणारी सोय असेलच असं नाही, म्हणून हिला रात्रभर प्लगात सोडू नये.

आकडे पाहून खरेदी करणाऱ्यांचीही फसगत होते. लांबट टॉर्चमधल्या १८६५० सेलाचं नाव त्याच्या मापावरून आलंय: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. चांगल्या कंपनीच्या अशा सेलात साधारण ३००० ते ३५०० मिलीअँपिअर-तास क्षमता असते. वेष्टनावर ९९०० छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा आहे. वजन करून पाहा: अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतो.

सगळ्यांत घातक गैरसमज म्हणजे ‘मापात बसला की चालतो’. सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा, आणि जवळपास त्याच मापाचा चार्जिंगचा १६३४० हा पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. दोन सेलांच्या दिव्यात ६ च्या जागी ८.४ व्होल्ट गेले तर आतलं सर्किट जळू शकतं. पेन्सिल सेलाच्या मापाचा १४५०० हाही असाच फसवतो. याच्या उलट, एकदाच वापरायचा लिथियम सेल चार्जरला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. दिव्याबरोबरच्या कागदावर जो सेल लिहिला आहे, तोच घालावा.

पेन्सिल सेलाच्या दिव्याला तिसरा मार्गही आहे: निकेल-मेटल-हायड्राइडचे चार्जिंगचे सेल. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून उजेड कमी पडेल अशी शंका येते. पण साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेलही वापरता वापरता १.२ पर्यंत आणि त्याखाली घसरतो. हायड्राइडचा सेल शेवटपर्यंत जवळपास तिथंच टिकतो आणि जोरदार उजेडाच्या दिव्यात अल्कलाइनपेक्षा जास्त वेळ चालतो. पूर्वी हे सेल नुसते पडून उतरत. २००५ मध्ये सान्योनं एनेलूप आणल्यापासून वर्षभरानंतरही बराचसा चार्ज धरून ठेवणारे सेल मिळू लागले. रोज राखणीला हे घालावेत, अडीअडचणीला त्याच दिव्यात दुकानातले साधे सेल बसतात. कळंबसारख्या ठिकाणी एकच बॅटरी घ्यायची असेल तर मी हीच सुचवेन.

अल्कलाइन सेल मात्र दिव्यात कायम ठेवू नयेत. ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या खातात. जपून ठेवायच्या दिव्यातून ते काढून कोरड्या डबीत, दिव्यालाच बांधून ठेवावेत. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत.

संपलेले सेल चुलीत टाकू नयेत, ओढ्यातही नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लिथियम सेलाच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डब्यात साठवावेत आणि कर्जतला किंवा मुंबईला जाणं होईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावेत.