दाण्यातलं न दिसणारं विष : कोंबडीचं खाद्य आणि कारणाचा शोध

तत्त्वज्ञानाच्या माणसाने कोंबडीच्या खाद्यावर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण एखाद्या गोष्टीचं कारण शोधायचं कसं, हा तर आमचाच जुना प्रश्न. त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

१९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. भूक जायची, पंख लोंबायचे आणि आठवड्याभरात पिल्लू मरायचं. जंतू काही सापडेना. म्हणून रोगाला नाव पडलं 'टर्की एक्स'. एक्स म्हणजे अज्ञात.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात एक रीत सांगितली आहे. परिणाम जिथे जिथे दिसतो तिथे समान काय आहे ते बघा, आणि जिथे दिसत नाही तिथे काय गैरहजर आहे तेही बघा. इथे नेमकं तेच झालं. रोग पडलेल्या ठिकाणी खाद्यात समान होती ती ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. ती बदकाच्या पिल्लांना चारली, तर तीही मेली. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिच्याच नावावरून विषाला 'अफ्लाटॉक्सिन' म्हणू लागले.

आता आपल्या पोल्ट्रीकडे येऊ. कोंबडी टर्कीपेक्षा चिवट, त्यामुळे एकदम मरत नाही. आणि गोची इथेच आहे. थोडं थोडं विष रोज पोटात गेलं की यकृत पिवळट आणि चरबीयुक्त होतं. खाद्य तेवढंच लागतं, वजन मात्र भरत नाही. बर्सा आणि थायमस या प्रतिकारशक्तीच्या ग्रंथी आक्रसतात. मग राणीखेतची किंवा गंबोरोची लस टोचूनही रोग येतो. शेतकरी म्हणतो, लस खोटी. लसवाला म्हणतो, शेतकऱ्याने नीट टोचली नाही. खरं कारण खाद्याच्या पोत्यात असतं आणि त्याच्यावर कुणी आळ घेत नाही. मरतुक जंतूच्या नावावर जमा होते, नुकसान शेतकऱ्याच्या.

मांसावरही परिणाम होतो. केशवाहिन्या नाजूक झाल्याने जरा धक्का लागला तरी रक्त साकळतं, आणि सोललेल्या कोंबडीवर काळेनिळे डाग दिसतात. मग खाणाऱ्याचं काय? छातीच्या किंवा मांडीच्या मांसात विषाचा अंश सहसा फार कमी उतरतो, यकृतात त्याहून जास्त. नेहमीच्या शिजवण्याने हे विष पूर्ण नष्ट होत नाही. पण माणसाला मोठा धोका आहे तो बुरशीचं धान्य थेट खाण्याचा. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात भिजलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली होती.

इथे तर्काची एक चूक सगळे करतात. बुरशी दिसली नाही म्हणजे विष नाही, असं नसतं. बुरशी मरते, विष मागे राहतं. उलट बुरशी दिसली म्हणजे हे विष असेलच, असंही नाही. कारण प्रत्येक बुरशी ते बनवत नाही.

दुसरी अडचण नमुन्याची. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. एका कोपऱ्यात भरपूर, बाकी ठिकाणी काहीच नाही. एका मुठीवरून ढिगाचा निकाल देणं म्हणजे घाईचं अनुमान. म्हणून दहा ठिकाणचं थोडं थोडं घ्या, एकत्र दळा आणि मग तपासा. खाद्यासाठी बऱ्याच ठिकाणी मर्यादा धरतात ती एका किलोत २० मायक्रोग्रॅम. हिशेब करा, एका टनात फक्त २० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कमी! डोळ्यांनी किंवा वासाने ते कसं कळणार?

उपाय साधे आहेत. मका नीट वाळवा, ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास आणा. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवा. पावसाळ्यात खाद्य थोडं थोडंच आणा. बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळली तर आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते, पण बुरशीच्या इतर सगळ्या विषांवर ती तशी चालत नाही. म्हणून माती मिसळली की खराब मका चालेल, असं समजू नका.

पुढच्या वेळी कोंबड्या आजारी पडल्या, तर लसीच्या बाटलीबरोबर खाद्याचं पोतंही तपासा, एवढंच आजचं सांगणं. आता तुमचे प्रश्न घेऊ.