मनाली-लेह मार्ग: सायकलवरून खिंडी चढण्याचे कष्ट आणि आनंद

हिमाचल प्रदेशातील मनालीहून लडाखमधील लेहकडे जाणारा रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली जातो. उन्हाळ्यात सीमा रस्ते संघटना बर्फ हटवून तो खुला करते. त्यानंतर लष्करी वाहने, मालमोटारी आणि पर्यटकांच्या गाड्या यांच्या बरोबरीने सायकलस्वारही या मार्गावर दिसू लागतात. मोटारीने दोन दिवसांत होणाऱ्या या प्रवासाला सायकलने साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. हा वेळ केवळ वेग कमी असल्यामुळे लागत नाही. या उंचीवर शरीरालाच तेवढा अवधी हवा असतो. म्हणूनच येथे जोर लावण्यापेक्षा तो राखून ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

खिंडींची मालिका

मनाली सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, तर लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. या दोन्ही ठिकाणांच्या उंचीतील फरक दीड हजार मीटरचाच असला तरी प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट चढण चढावी लागते. रोहतांग (३,९७८ मीटर) ही पहिली खिंड. त्यानंतर सुमारे ४,९०० मीटर उंचीची बारालाचा ला, पुढे नकी ला, पाच हजार मीटरहून उंच लाचुलुंग ला आणि अखेरीस सुमारे ५,३०० मीटर उंचीची तांगलांग ला अशी ही मालिका आहे. ‘ला’ या तिबेटी शब्दाचा अर्थच खिंड असा होतो. प्रत्येक खिंडीनंतर उतार येतो आणि मिळवलेली उंची पुन्हा गमवावी लागते. रोहतांगच्या जुन्या रस्त्याने गेल्यास एकूण चढण पाच हजार मीटरहून अधिक भरते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि वाहनांसाठी हे अंतर सुमारे ४६ किलोमीटरने कमी झाले. पुढच्या खिंडी मात्र ओलांडाव्याच लागतात.

चढाचे गणित

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला प्रामुख्याने हवेचा विरोध होतो. चढावर वेग मंदावतो, हवेचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याची जागा गुरुत्वाकर्षण घेते. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन आहे असे मानू. दर १०० मीटरला सात मीटर उंची वाढणाऱ्या चढावर ताशी सात किलोमीटर वेगाने जायचे झाल्यास सुमारे १४० ते १५० वॅट शक्ती लागते. वेग दुप्पट केला तर शक्तीही जवळजवळ दुप्पट लागते. वजनाचा हिशेबही तितकाच सरळ आहे. सामान पाच किलोने कमी केले की चढावरील श्रम पाच टक्क्यांनी कमी होतात. लांबच्या प्रवासाला निघालेले सायकलस्वार तंबूपासून चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तू तोलूनमापून घेतात, ते याच कारणाने.

उतारावर हे श्रम भरून निघतील अशी अपेक्षा व्यर्थ असते. कमावलेली बरीचशी ऊर्जा हवेचा विरोध आणि ब्रेक यांत खर्च होते. वेळेचे पारडेही चढाकडेच झुकते. चढण्यात अर्धा दिवस गेलेल्या खिंडीची दुसरी बाजू तास-दीड तासात संपू शकते.

गिअर काय करतो?

गावोगावी दिसणाऱ्या साध्या सायकलला गिअर नसतात. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल पाच मीटरहून अधिक अंतर जाते. वर सांगितलेल्या चढावर मिनिटाला केवळ ४० फेऱ्या मारायच्या म्हटले तरी अडीचशे वॅटहून अधिक शक्ती लागेल. एवढी शक्ती तासन्‌तास देणे बहुतेकांना अशक्य असल्याने खाली उतरून सायकल ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. डोंगरी प्रवासाच्या सायकलला पुढे २२ आणि मागे ३४ दात्यांची चक्रे जोडता येतात. तेव्हा एका फेरीत सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते. मिनिटाला ७० फेऱ्या मारूनही वेग ताशी सहा किलोमीटरच्या आतच राहतो, परंतु प्रत्येक फेरी हलकी जाते आणि गुडघ्यांवर ताण येत नाही. गिअरमुळे एकूण काम कमी होत नाही, ते लहान लहान हप्त्यांत विभागले जाते.

ही सोय शर्यतींतही उशिरा आली. फ्रान्सच्या प्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत १९१० साली पिरेनीज पर्वतातील उंच खिंडींचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा तूरमाले खिंडीच्या चढावर स्पर्धकांना सायकली ढकलत न्याव्या लागल्या होत्या. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरला या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ साली. तत्पूर्वी गिअर बदलण्यासाठी उतरून मागचे चाक काढून उलटे बसवावे लागे. चढावरील कामगिरीला स्वतंत्र मान देण्याची प्रथा मात्र या शर्यतीत १९३३ पासूनच आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाच्या चढावर दिला जाणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब त्याच परंपरेतला आहे.

विरळ हवेची कसोटी

बोरघाटात सरावलेल्या सायकलपटूसाठीही लडाखच्या वाटेवरील एक गोष्ट नवी असते, ती म्हणजे विरळ हवा. हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही सुमारे २१ टक्केच राहते, परंतु हवेचा दाब घटतो. तांगलांग ला येथे तो समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. सपाटीवर सहज वाटणारा चढ येथे धाप लावतो.

शरीर या स्थितीशी जुळवून घेते, पण सावकाश. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश ही पहिली लक्षणे होत. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही जीवघेण्या विकाराची चिन्हे असून अशा वेळी तातडीने खाली उतरणे हाच मुख्य उपाय असतो. उत्तम शरीरयष्टी यापासून संरक्षण देत नाही. उलट धडधाकट माणूस वेगाने वर जाऊन संकट ओढवून घेण्याचा संभव असतो.

या मार्गावर हा उपाय सोपा नाही. सरचू आणि पांग ही मुक्कामाची ठिकाणे अनुक्रमे सुमारे ४,३०० आणि ४,६०० मीटरवर आहेत. तेथून दोन्ही दिशांना याहून उंच खिंडी आहेत. म्हणजे खाली उतरायचे तरी आधी वर चढणे भाग असते. म्हणून केलाँग, जिस्पा या परिसरात एखादा दिवस जास्तीचा काढणे ही चैन नसून सावधगिरी आहे.

दिवसाची आखणीही निसर्गाच्या वेळापत्रकानुसार करावी लागते. ऊन चढते तसे बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडलेले बरे. पांगच्या पुढील मोरे मैदान सपाट आहे, परंतु दुपारनंतर तेथे जोराचा वारा सुटतो आणि तो समोरून आला तर सपाटीवरही चढाचाच अनुभव येतो.

मंद गतीचे दान

एवढे कष्ट असूनही सायकलस्वार या वाटेला लागतात, यामागे मंद गतीचाच वाटा मोठा आहे. सरचूच्या पुढे गाटा लूप्स ही २१ वळणांची नागमोडी चढण आहे. मोटारीतील प्रवाशाला तेथे कधी एकदा वळणे संपतात असे होते. सायकलस्वार प्रत्येक वळणावर थांबू शकतो. खालची नदी दर वळणागणिक बारीक होत जाते आणि आपण किती वर आलो हे डोळ्यांना दिसते. श्वास आणि पायडल यांची लय एकदा जुळली की माथ्याची चिंता मागे पडते आणि पुढचे वळण एवढेच उद्दिष्ट उरते.

तांगलांग ला ओलांडल्यावर लांबच लांब उतार लागतो. तेथेही ब्रेक सतत दाबून न ठेवता अधूनमधून सोडत उतरावे लागते. मग रुमत्से आणि ग्या ही गावे येतात. सरचूपासून उघडे डोंगर आणि तंबूतील खानावळीच पाहत आलेल्या प्रवाशाला येथे जवाची हिरवी शेते आणि पांढऱ्या भिंतींची घरे दिसतात. पुढे उपशी येथे रस्ता सिंधू नदीला मिळतो आणि तेथून लेह सुमारे ५० किलोमीटर उरते. हा शेवटचा टप्पा मागच्या खिंडींच्या मानाने सौम्य आहे. आठवडाभर विरळ हवेत काढल्यामुळे येथवर श्वासही बराच स्थिरावलेला असतो.