केबल, विद्युत् शेगडीची

स्वयंपाकघरातील विद्युत् शेगडीला घराच्या वितरण फलकापासून विद्युत् पुरवठा करणारी केबल. शेगडी हा घरातील मोठ्या भारांपैकी एक भार असून ती सलग बराच वेळ चालू राहते; त्यामुळे दिव्याच्या तारेबाबत खपून जाणारी चूक येथे खपत नाही. संवाहकातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. नेहमीच्या पीव्हीसी निरोधक वेष्टनाच्या केबलीत संवाहकाचे कमाल कार्यकारी तापमान ७०° से. मानतात. ते वारंवार ओलांडले गेल्यास वेष्टन ठिसूळ होऊन तडकते व पुढे आगीचा धोका संभवतो.

शेगडीची शक्ती भागिले विद्युत् दाब या सूत्राने प्रवाह मिळतो. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्ट दाबावर सु. ८·७ अँपिअर प्रवाह घेते. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या, वर चार तापपट्ट व खाली भट्टी असलेल्या १० किवॉ.च्या शेगडीस याच हिशोबाने ४३·५ अँपिअर लागतील. परंतु सर्व तापक एकाच वेळी पूर्ण शक्तीने फार काळ चालत नाहीत, कारण तापस्थापी त्यांना आळीपाळीने बंद-चालू करतो. म्हणून तेथे घरगुती शेगडीकरिता पहिले १० अँपिअर पूर्ण, उर्वरितांपैकी ३० टक्के आणि नियंत्रक फलकावर सॉकेट असल्यास आणखी ५ अँपिअर असा हिशोब करतात. वरील शेगडीसाठी तो सु. २५ अँपिअर येतो व ३२ अँपिअरचा मंडल खंडक पुरतो.

केबलीची प्रवाहवहनक्षमता या खंडकाच्या मूल्यापेक्षा कमी असता कामा नये, हा निवडीतील कळीचा नियम होय. खंडक वारंवार पडतो म्हणून केबल तीच ठेवून मोठा खंडक बसविणे हा उपाय नव्हे. त्यामुळे केबलच वितळतारेचे काम करू लागते.

ही क्षमता केवळ काटछेदावरून ठरत नाही. ब्रिटिश कोष्टकांनुसार ६ चौ. मिमी. काटछेदाची चपटी पीव्हीसी केबल भिंतीवर उघडी बसविल्यास ४७ अँपिअर प्रवाह वाहू शकते. तीच उष्णतारोधक थरात पूर्ण गाडली गेल्यास मर्यादा २३·५ अँपिअरवर येते. अशा वेळी वरील शेगडीला १० चौ. मिमी.ची केबल घ्यावी लागते किंवा मार्ग बदलावा लागतो. ही मूल्ये ३०° से. परिसर तापमानासाठी आहेत, ४०° से.ला ती सु. १३ टक्क्यांनी घटतात. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात, विशेषतः तापलेल्या स्लॅबमधून जाणाऱ्या नळीत, ही घट दुर्लक्षून चालत नाही. एकाच नळीत अनेक मंडलांच्या तारा असल्यास क्षमता आणखी कमी होते.

अंतरही पाहावे लागते. १ चौ. मिमी.च्या लवचिक तांब्याच्या तारेने २० मी. अंतरावर ८·७ अँपिअर नेल्यास सु. ७ व्होल्ट दाब घटतो, २·५ चौ. मिमी.च्या तारेत ही घट ३ व्होल्टपेक्षा कमी असते.

भारतात २,००० वॉटच्या शेगडीस १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट व सामान्यतः तांब्याची २·५ किंवा ४ चौ. मिमी.ची तार वापरतात. रूपांतरक प्लग लावून ती दिव्यांच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालविण्याची प्रथा धोकादायक आहे. जुन्या घरांतील ॲल्युमिनियमच्या तारांबाबत अधिक दक्षता हवी. समान काटछेदास ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सु. १·६ पट असतो. शिवाय त्यावर ऑक्साइडाचा थर जमतो आणि स्क्रूखाली धातू हळूहळू दबून जोड सैल पडतो. सैल जोड तापला तरी प्रवाह वाढत नसल्याने खंडकाला त्याचा सुगावा लागत नाही. सॉकेटाचे प्लॅस्टिक पिवळे पडणे किंवा जळका वास येणे, हीच बहुधा त्याची पहिली खूण असते.