परसबाग शाळेची, ताट मुलांचं

भाजीपाल्याच्या नकाशावर परभणीचं नाव भेंडीनं नेलं. पूसा सावनी ही भेंडी एकेकाळी देशभर लावली जायची. पांढरी माशी पसरवते त्या केवडा रोगापुढे तिचा टिकाव लागेना. पानं पिवळी पडायची, शिरा उठून दिसायच्या, फळं निस्तेज व्हायची. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पूसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी केला, त्यातून पुढं निवड करत नेली आणि 'परभणी क्रांती' हा वाण तयार झाला. 1972 मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ आज वसंतराव नाईक यांच्या नावानं ओळखलं जातं. 2018 मध्ये याच विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली. तिच्या एका किलो दाण्यात लोह सुमारे 45 मिलिग्रॅम आणि जस्त 32 मिलिग्रॅम असतं. नेहमीच्या ज्वारीत हेच आकडे साधारण 30 आणि 20 असतात.

एवढं ज्ञान जिल्ह्याच्या गावी आहे. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावातल्या शाळकरी मुलाच्या ताटापर्यंत ते पोचतं का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या पट्ट्यातलं शिवार दोन पिढ्यांत बदललं. ज्वारीच्या रानात तूर, चवळी, आंबाडी असायची. खुरपायला गेलेली बाई येताना ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन यायची. सोयाबीन आलं, मागोमाग तणनाशक आलं. फवाऱ्यानं जे तण मरतं त्यात या भाज्याही मरतात. बांधावरची भाजी फुकट होती. ती गेल्यावर भाजी म्हणजे आठवडी बाजारातून पैसे मोजून आणायची वस्तू झाली, आणि हात आखडला की पहिली काट तिलाच लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण 2015-16 मध्ये 53.8 टक्के होतं; 2019-20 मध्ये ते 68.9 टक्क्यांवर गेलं. हीच मुलं पुढं पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

शाळेत त्यांना शिजवलेलं अन्न मिळतं. देशभर ही सोय पक्की झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानं, आणि 2021 पासून योजनेला पीएम पोषण हे नाव आहे. गावात मात्र अजूनही 'शाळेतली खिचडी' असंच म्हणतात. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75 ग्रॅम. तांदूळ आणि डाळ पोत्यातून येते. अडचण होते ती त्या 50 ग्रॅम भाजीची, कारण ती ताजीच लागते आणि तिचा भाव रोज हलतो.

मग परसबाग करा, असं शासन सांगतं. शाळांतल्या पोषण बागांसाठी केंद्रानं 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि आपल्या राज्यात शाळांच्या परसबाग स्पर्धाही होतात. पण इथं हिशेब मांडायला हवा. 100 मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला 5 किलो भाजी लागते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकचे कामाचे दिवस 200, म्हणजे वर्षाला 10 क्विंटल. परभणी क्रांतीचं उत्पादन हेक्टरी 100 क्विंटलच्या आसपास. एका गुंठ्यात हंगामाला एखादा क्विंटल, तोही सगळं जमून आलं तर. म्हणजे गुंठाभर बागेवर शाळेची चूल चालणार नाही. तशी अपेक्षा धरून केलेली बाग दुसऱ्या वर्षी ओसाड पडते.

बाग कशासाठी करायची, याचं उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलं आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली. सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम पती-पत्नींनी शेती, स्वयंपाकघर आणि सफाई हाच अभ्यासक्रम केला. तिथं भाजी पिकवणं हा शाळा सुटल्यानंतरचा छंद नव्हता. गणित आणि विज्ञान त्या कामातूनच शिकायचं होतं. 2005 मध्ये सेवाग्रामला 'आनंद निकेतन' या नावानं ती शाळा पुन्हा सुरू झाली, आणि आजही तिथं मुलांच्या हातात खुरपं असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी चालवलेलं कामही याच दिशेचं: भोवतालचा निसर्ग हेच शिकण्याचं साहित्य. मला या परंपरेतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे वाफा, चूल आणि वही यांची फारकत तिनं होऊ दिली नाही.

ही फारकत झाली की काय होतं, ते अलीकडच्या संशोधनात दिसतं. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्रानं नेपाळ, बुर्किना फासो या देशांत शाळांच्या बागांची शिस्तशीर तपासणी केली. मुलांना भाज्यांची ओळख पटली, माहिती वाढली, आवडही थोडी बदलली. पण खाण्यातली भाजी त्या मानानं वाढली नाही. नेपाळमध्ये पुढं शाळेच्या बागेला घरच्या परसबागेची जोड दिली, पालकांनाही बी-बियाणं आणि शिकवण दिली, तेव्हा मुलांच्या ताटात फरक पडला. कारण उघड आहे. मूल कितीही शिकलं तरी घरी काय शिजेल ते आई-आजी आणि खिशातला पैसा ठरवतो.

ताडकळसच्या मातीत हे कसं बसेल? काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मुळं सडतात. म्हणून वाफे उंच, गादीवाफेच हवेत. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा पालापाचोळ्याचं आच्छादन लागतं. मुलांचे हात धुतलेलं पाणी चर काढून अळूकडे, पपईकडे वळवता येतं. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा भेंडी, गवार, दोडका, तांदुळजा. दिवाळीनंतर मेथी, पालक, शेपू आणि आपली करडई. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी महिन्याभरात खुडायला येते आणि पाणीही कमी मागते. खरी कसोटी मे महिन्याची. सुट्टीत पाणी कोण घालणार, हे ठरलेलं नसेल तर बाग शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू यांच्यावरच उभी करावी. ही झाडं एकदा धरली की फारशी तक्रार करत नाहीत.

शेवग्याचा मूठभर पाला खिचडीत पडला तर 50 ग्रॅमचा नियम पुरा होणार नाही, पण ताटाचा कस वाढेल. वरून लिंबू पिळलं तर पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, फोडणीतल्या तेलामुळं अ जीवनसत्त्वाचा अंश शरीरात उतरतो. हे विज्ञान पाचवीच्या मुलाला ताटासमोर बसूनच कळेल. म्हणून बागेच्या नियोजनात स्वयंपाकी ताईंना पहिलं स्थान हवं. काय शिजतं आणि मुलं काय टाकून देतात, हे त्यांच्याइतकं शाळेत कुणालाच ठाऊक नसतं. मुलांना मात्र शिक्षा म्हणून खुरपायला लावू नये, आणि कीटकनाशक तर बागेत नकोच. निंबोळी अर्क मुलांदेखत करता येतो.

फोटोपुरती, स्पर्धेपुरती केलेली बाग मुलांना चुकीचा धडा देते. त्यापेक्षा चारच वाफे असावेत, पण त्यांची भाजी त्याच आठवड्यात खिचडीत पडावी, किती निघाली ते मुलांनी तोलून फळ्यावर लिहावं, आणि दर मुलामागं शेवग्याचं एक रोप व मूठभर बी घरी जावं.

ताडकळस आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांना, पालकांना माझी विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा मेथी आणि करडई पेरायला उशीर झालेला नसेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच सभेत हा विषय घ्या, त्या सभेला स्वयंपाकी ताईंना बोलवा, आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार त्याचं नाव ठरावात लिहूनच उठा.