मयत खातेदार आणि सरकारी साह्य

शेतकऱ्यास सरकारकडून मिळणाऱ्या साह्याचा जुना प्रकार तगाईचा. 1883 व 1884 च्या कायद्यांनीं विहीर, बांधबंदिस्ती, बीं व बैल ह्यांसाठीं ती मिळूं लागली. परंतु तें कर्ज होतें, व थकल्यास साऱ्याच्या थकबाकीप्रमाणें वसूल होई. किसान सन्मान निधीची गोष्ट निराळी. 1 डिसेंबर 2018 पासून लागू झालेल्या ह्या योजनेंत पात्र कुटुंबास वर्षास 6,000 रुपये, तीन हप्त्यांनीं, बँकेच्या खात्यांत जमा होतात. 2023 सालीं राज्य सरकारनें नमो शेतकरी महासन्मान निधि सुरू करून तितक्याच रकमेची जोड दिली. ही रक्कम फेडावयाची नाहीं.

ही रक्कम एकरांवर ठरत नाहीं. वाळव्याच्या ऊसवाल्यास जेवढी, तेवढीच जतच्या बाजरीवाल्यास. अर्थात् माण, खटाव, आटपाडी, जत ह्या अवर्षणाच्या मुलुखांत तिचें मोल अधिक. रब्बीच्या शाळूचें बीं व पेरणीची मजुरी तींतून निघूं शकते. परंतु ह्याच मुलुखांतील पुष्कळ कर्तीं माणसें मुंबईस नोकरीवर किंवा गलाईच्या धंद्यासाठीं परप्रांतीं असतात. वडील वारले तरी सातबारावर त्यांचेंच नांव राहतें, आणि तेथेंच नुकसान होतें.

कारण सरकार नांगर धरणारा हात पाहत नाहीं. तें दप्तरांतील नांव पाहतें. योजनेच्या नियमांत कुटुंब म्हणजे पति, पत्नी व अज्ञान मुलें. समजा, वडिलांच्या पश्चात् तीन विवाहित भाऊ एकत्र शेती करितात. वडिलांचेंच नांव राहिलें तर तिघांपैकीं कोणासहि आपल्या नांवें मागणी करितां येत नाहीं. मयताच्या नांवें येणारा हप्ता घेत राहणें तर उघड धोक्याचें. अपात्रास गेलेली रक्कम सरकार परत मागतें. प्राप्तिकर भरणाऱ्यासहि ही योजना लागू नाहीं, हें ध्यानांत असावें. जमिनीच्या मालकीसाठीं ठरविलेली तारीख 1 फेब्रुवारी 2019 ही होय; मूळ नियमांत तिच्यानंतर झालेल्या फेरफारांपैकीं मृत्यूमुळें वारसाकडे आलेल्या जमिनीसच सवलत ठेविली होती. म्हणून वारसनोंदीचें महत्त्व विशेष.

उपाय अवघड नाहीं. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणें वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आंत गांवच्या तलाठ्यास द्यावयाची असते. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांचीं नांवें अर्जांत द्यावीं. फेरफार नोंदला जाऊन संबंधितांस नोटीस निघते, व तक्रार नसल्यास मंडळ अधिकारी तो मंजूर करितात. त्यानंतर आधारजोडणी, बँकखातें व शेतकरी ओळख क्रमांक हीं कामें उरकावीं.

कित्येक घरीं बहिणींचीं नांवें लागतील म्हणून नोंद टाळली जाते. हा विचार आम्हांस अयोग्य वाटतो. हिंदु वारसा कायद्यानें मुलीचा हक्क नोंदीवांचूनहि असतोच. नोंद तो नव्यानें देत नाहीं, आणि नोंद न केल्यानें तो जातहि नाहीं. बहिणीपासून लपविलेला कागद शेवटीं भावांच्याच पदरचा हप्ता घालवितो. तरी आमच्या कृषिबंधूंनीं पुढील पेरणीपूर्वीं आपला सातबारा एकवार काढून पाहावा, आणि त्यावरील प्रत्येक खातेदार हयात आहे कीं नाहीं, ह्याची खात्री करून घ्यावी.