आंब्याआधी येणारे जाम

आज जामांविषयी बोलू या.

काश्मीर-हिमाचलात सफरचंदं मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरतात. चैत्रात दुकानात दिसतात ती बहुधा शीतगृहातली किंवा परदेशातली. पण त्याच दिवसांत, आंबा अजून कैरीत असताना, आपल्याकडच्या वाड्यांत ताजे जाम लागलेले असतात. इंग्रजीत त्यांना 'वॉटर अ‍ॅपल' म्हणतात, म्हणजे पाण्याचं सफरचंद. नाव शोभतंच, कारण फळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. नातं मात्र सफरचंदाशी नाही, जांभूळ, पेरू आणि लवंगेशी आहे. विदर्भात तर 'जाम' मागितले तर पेरू मिळतात!

जाम एकाच तऱ्हेचे नसतात. पांढरे असतात, गुलाबी असतात, आणि हल्ली रोपवाटिकांत गडद लाल, मोठ्या फळांची कलमंही मिळतात. गुलाबजांब हा त्यांचा चुलतभाऊ. तो फिकट पिवळा, गुलाबासारखा वास येणारा, आत बी खुळखुळणारा. गोडी झाडागणिक बदलते, म्हणून शेजारच्या वाडीतलेही चाखून पाहा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जाम आंब्यासारखे आढीत पिकत नाहीत. झाडावरच तयार होऊ द्या आणि हातानेच उतरवा. साल नाजूक असते, आपटलं की डाग पडतो. चार-पाच दिवसांत फळ सुरकुततं. मीठ-तिखट लावून खा, कोशिंबिरीत काकडीऐवजी घाला.

या नाजूकपणामुळेच जाम लांबच्या बाजारात टिकत नाहीत. फळं झाडाखाली सडतात, मग घरातले म्हणतात, "नुसता कचरा, तोडून टाका झाड." वाडीची जागा विकायला निघाली की पहिली कुऱ्हाड अशाच झाडावर पडते. म्हणून आम्ही गटातल्या बायकांना सांगतो, सकाळी उतरवा आणि त्याच दिवशी जवळच्या नाक्यावर वाटे लावून विका. दोन-तीन रंगांचे जाम एका वाट्यात ठेवले तर गिऱ्हाईक थांबतं. खाली पडलेली फळं मात्र रोज गोळा करून खोल पुरा, नाहीतर फळमाशी वाढते.

आणि पावसाळा आला की चांगल्या झाडाच्या फांदीवर गुटी बांधा. मुळं फुटली की त्याच गोडीचं नवं झाड मिळतं. गटातल्या प्रत्येकीच्या दारी वेगळ्या रंगाचा एक जाम लागला, तर पुढे आंब्याची वाट बघण्याचे दिवसही गोड जातील.